पोकर चिप्सवरची लेबले वारंवार का सुटतात आणि काय तपासावे

लक्षणे

पोकर चिप्सवर, म्हणजे पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्यांवर, आकड्याचे लेबल लावल्यावर पहिले दोन दिवस सारे नीट दिसते आणि चौथ्या दिवसापासून कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या वर वळू लागतात. हे सर्वांत नेहमीचे लक्षण. दुसऱ्या प्रकारात कडा बसलेल्या राहतात, परंतु अंगठ्याने किंचित रेटले की अख्खे लेबल जागेवरून सरकते आणि मागे चिकट माग सोडते. तिसऱ्या प्रकारात मधोमध बारीक फुगे येतात आणि टाचणीने फोडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतात. काही वेळा खेळ संपल्यावर डब्यात ठेवलेल्या चिप्स पुढच्या वेळी दोन-दोन, तीन-तीन अशा एकमेकींना चिकटलेल्याच बाहेर निघतात. काही वेळा आकड्याची शाई बोटांना लागते. आणि काही वेळा लेबल पक्के बसलेले असूनही वीस चिप्सची चळत सरळ उभी राहत नाही, एका अंगाला झुकते.

यांतले एखादे लक्षण आपल्या संचात दिसत असेल, तर गोंद बदलण्याआधी पुढील तपासण्या दिलेल्या क्रमाने कराव्यात. मी आजवर आमच्या घरचे, मामेभावांचे, कार्यालयातील मित्रांचे आणि त्या मित्रांच्या मित्रांचे असे अनेक संच दुरुस्त केले आहेत आणि त्यांतील फार थोड्यांमध्ये दोष खरोखर गोंदाचा होता. बहुतेक वेळी तो गोंदाच्या खाली होता, म्हणजे चिपच्या पृष्ठभागावर, किंवा लेबलाच्या मापात.

कोणत्या चिप्सविषयी बोलतो आहोत

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या संचांत साधारणपणे दोन प्रकार असतात. पहिला केवळ प्लास्टिकचा, अगदी हलका. दुसरा ११.५ ग्रॅमचा, कडेवर फाशांची नक्षी असलेला, ॲल्युमिनियमच्या पेटीतून येणारा. या दुसऱ्या प्रकारच्या चिपचा व्यास ३९ ते ४० मिलिमीटर आणि जाडी सुमारे ३.३ मिलिमीटर असते. एवढ्या आकाराची चकती निव्वळ प्लास्टिकची केली तर तिचे वजन जेमतेम चार ग्रॅम भरेल. उरलेले वजन आत दडवलेल्या लोखंडी चकतीचे असते, म्हणूनच अशा चिपला लोहचुंबक चिकटतो. लोखंड आत आहे ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे धुण्याच्या वेळी ती आडवी येते.

बहुतेक चिप्सच्या दोन्ही बाजूंना मधोमध एक उथळ गोल खाच असते आणि लेबल त्या खाचेत बसणे अपेक्षित असते. खाचेभोवतीची उंच कड चळतीतला भार आणि घर्षण स्वतःवर घेते, त्यामुळे लेबलाला धक्का लागत नाही. ज्या चिप्सना खाचच नसते त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सर्वांत सोपी तपासणी : वेळ दिला होता का, दाब दिला होता का

स्टिकरच्या पाठीवरचा गोंद वाळून घट्ट होणाऱ्यांपैकी नसतो. तो दाबाने चिकटतो. वरवर गुळगुळीत दिसणाऱ्या प्लास्टिकमध्ये सूक्ष्म उंचवटे आणि खळगे असतात. हा गोंद अतिशय घट्ट काकवीसारखा हळूहळू त्यांत उतरतो आणि पूर्ण पकड यायला २४ ते ७२ तास लागतात. संध्याकाळी लेबले लावून रात्री खेळायला बसणाऱ्यांची लेबले सुटतात, यात त्यामुळे नवल नाही. आमच्याकडे गणपतीच्या जागरणासाठी असाच घाईचा संच तयार झाला होता. भाद्रपदातली दमट हवा, घामेजलेले हात, आणि पहाटे तीनच्या सुमारास धाकटी मामेबहीण तळहात पुढे करून म्हणाली, "दादा, तुझा पाचशेचा आकडा माझ्या हाताला लागलाय, हा मी जिंकला असं धरू का?"

दाब कसा द्यावा हेही महत्त्वाचे आहे. लाटणे फिरवण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु खाच असलेल्या चिपवर लाटणे उंच कडेवरूनच फिरते आणि लेबलाला स्पर्शही करत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून खाचेपेक्षा थोड्या लहान गोल चकत्या कापाव्यात. लेबल लावून झालेल्या चिप्सची चळत रचताना प्रत्येक दोन चिप्समध्ये अशी एक चकती ठेवावी. रबराची जाडी समोरासमोरच्या दोन्ही खाचांच्या एकत्रित खोलीपेक्षा अधिक असल्यामुळे सगळा भार थेट लेबलावर येतो. पाच-सहा चळती शेजारी शेजारी उभ्या करून त्यांवर पाट ठेवावा आणि पाटावर वरवंटा किंवा जाड ग्रंथ ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. त्याआधी प्रत्येक लेबल मध्यापासून कडेकडे अंगठ्याने दाबून हवा बाहेर काढलेली असावी. मधोमध येणारे फुगे बहुधा एवढ्यानेच थांबतात.

थंडीत लेबले लावू नयेत. गारठ्यात गोंद कडक होतो आणि खळग्यांत उतरत नाही. निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकड्यावर येते. तेथे हे काम दुपारी, चिप्स थोडा वेळ उन्हात ठेवून, कोमट झाल्यावर करावे.

सुटलेल्या लेबलाची पाठ पाहा

ही तपासणीही फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. सुटलेले लेबल फेकून देऊ नये. ते उलटे करून उजेडात धरावे आणि गोंद कोठे राहिला आहे ते पाहावे.

संपूर्ण गोंद लेबलाच्या पाठीवर आणि चिप स्वच्छ, असे दिसले तर गोंदाने लेबल धरले होते पण चिप धरली नव्हती. म्हणजे दोष चिपच्या पृष्ठभागात आहे. मळ, तेल, सोनेरी छाप किंवा प्लास्टिकची जात, यांपैकी काहीतरी. याउलट गोंदाचा थर चिपवर आणि लेबलाची पाठ कोरडी असेल, तर लेबलाचा कागद किंवा प्लास्टिकचा पापुद्राच निकृष्ट आहे आणि चिप कितीही घासली तरी उपयोग होणार नाही. गोंद दोन्हीकडे अर्धा-अर्धा, तारा सुटल्यासारखा दिसत असेल तर तो मऊ पडला आहे. उष्णता किंवा छपाईच्या शाईतील द्रावक (शाई पातळ ठेवणारे द्रव्य, सॉल्व्हंट) ही त्याची नेहमीची कारणे. बंद मोटारीत उन्हात ठेवलेल्या पेटीतल्या चिप्स एकमेकींना चिकटतात त्या याच कारणाने. आणि पाठीवर सोनेरी कपचे चमकत असतील तर पुढचे काही न वाचता थेट सोनेरी छापेच्या परिच्छेदाकडे जावे.

निदान पाच सुटलेली लेबले अशी पाहावीत. एकावरून निष्कर्ष काढू नये.

माप

कडा उचलल्या जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे खाचेइतकेच किंवा त्याहून मोठे लेबल. खाचेची भिंत तळाला अगदी काटकोनात मिळत नाही. साच्यातून चिप सुटावी म्हणून त्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवलेली असते. लेबल खाचेच्या पूर्ण मापाचे असेल तर त्याची कड त्या गोलाईवर चढते, तेथे खाली पोकळी राहते आणि लेबल आपल्या मूळ सपाट आकारात परत येण्यासाठी सतत धडपडत राहते. ते एकदा दाबले की दोन दिवस बसते आणि पुन्हा उठते. कितीही भारी गोंद आणला तरी ही रस्सीखेच अखेर लेबलच जिंकते.

मापासाठी व्हर्नियर असल्यास उत्तम. नसल्यास पातळ कागद चिपवर ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तसे. कागदावर दोन वर्तुळे उमटतात. आतले वर्तुळ म्हणजे खाचेचा सपाट तळ. लेबलाचा व्यास त्याहून एक मिलिमीटर कमी असावा, म्हणजे तळ ३० मिलिमीटर असेल तर लेबल २९ मिलिमीटरचे. विक्रेत्याच्या जाहिरातीतील मापावर विसंबू नये. एकाच पेटीतील वेगवेगळ्या रंगांच्या चिप्सही कधी वेगळ्या साच्यातून आलेल्या असतात, तेव्हा प्रत्येक रंगाच्या दोन चिप्स मोजाव्यात.

बरोबर मापाचे लेबल वाकडे लावले तरी तोच प्रकार होतो, कारण एका बाजूने ते गोलाईवर चढते. मी लेबलाची केवळ एक कड कटरच्या पात्याच्या टोकावर धरतो, चिप दिव्याच्या अगदी खाली ठेवतो आणि लेबलाभोवती दिसणारी मोकळी पट्टी चोहीकडे सारखी झाली की मगच ते खाली टेकवतो. पहिल्या वीस चिप्सना वेळ लागतो. नंतर हात बसतो.

खाच नसलेल्या चिप्सवर लेबल हेच सर्वांत उंच ठिकाण होते आणि चळतीचा सगळा भार आणि घर्षण त्यावर येते. लॅमिनेशनसह लेबलाची जाडी ०.१५ मिलिमीटर धरली, तर दोन्ही बाजूंची मिळून ५० चिप्सच्या ओळीत १५ मिलिमीटर वाढ होते. एवढ्या जागेत चार चिप्स मावतात. परिणामी पेटीच्या खोबणीत ५० ऐवजी ४५ चिप्स बसतात आणि झाकण लागत नाही. लोक झाकण दाबून लावतात आणि त्या दाबाखाली लेबले एकमेकींवर घासून सुटतात. अशा चिप्सवर शक्य तितके पातळ लेबल लावावे, किंवा एकाच बाजूला लावावे. वर फुगीर, काचेसारखा थर दिलेली लेबले दिसायला देखणी असली तरी येथे मुळीच वापरू नयेत. चळत झुकण्याची तक्रार घेऊन आलेल्या संचांत मला बहुतेक वेळा हीच लेबले सापडली आहेत.

सफाई

नवी कोरी चिप स्वच्छ असते हा गैरसमज आहे. प्लास्टिक साच्यातून सहज सुटावे म्हणून साच्यावर बहुधा सिलिकोनसारखा तेलकट पदार्थ फवारतात आणि त्याचा अदृश्य थर चिपवर राहून जातो. वापरलेल्या चिप्सवर त्यात हाताचा घाम, चिवड्याचे तेल आणि वेफर्सचे मीठ यांची भर पडते.

परीक्षा अगदी साधी आहे. खाचेत पाण्याचा एक थेंब टाकावा. तो पसरला तर पृष्ठभाग ठीक. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल मणी होऊन घरंगळू लागला, तर ज्या पृष्ठभागाने पाण्याला जवळ केले नाही तो गोंदालाही करणार नाही.

कोमट पाण्यात भांडी घासायचे द्रव साबण थोडे घालून जुन्या टूथब्रशने प्रत्येक खाच घासावी. चिप्स पाण्यात भिजत मात्र टाकू नयेत. वजनदार चिपच्या जोडातून पाणी आत गेले तर लोखंडी चकती गंजते आणि काही आठवड्यांनी जोडावर तांबूस डाग दिसू लागतात. धुतल्यावर सुती कापडाने पुसून पूर्ण एक दिवस पंख्याखाली वाळवाव्यात. त्यानंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने खाच पुसावी आणि मग चिप केवळ कडेने धरावी. हे द्रव्य औषधांच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या साहित्याच्या दुकानात मिळते. ते चटकन पेट घेते, म्हणून काम खिडकीजवळ करावे, शेगडी आणि देवघरातील समई यांपासून दूर.

करोनाकाळात आणून ठेवलेला सॅनिटायझर येथे चालत नाही. त्यात हातांना मऊपणा यावा म्हणून ग्लिसरीन घातलेले असते आणि ते मागे राहते, म्हणजे एक तेलकटपणा काढून दुसरा लावल्यासारखे होते. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना तर हातही लावू नये. बहुतेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते आणि या चिप्सचे एबीएस प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते. एका मित्राने माझ्या देखत लाल चिपवर कापसाचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला, चिपची चकाकी गेली आणि कडेवरच्या फाशांचे ठिपके पुसट झाले. त्याला वाटले मळच निघतो आहे, म्हणून मी ओरडेपर्यंत तो आणखी दोन चिप्स पुसून मोकळा झाला होता.

जुन्या लेबलाचा गोंद काढायचा असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने किंचित गरम करून लेबल सोलावे, उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी चोळावे आणि नंतर साबणाने दोनदा धुवावे. दोनदा हे मुद्दाम लिहिले आहे, कारण खोबरेल एका धुण्यात जात नाही.

सोनेरी छाप

अनेक स्वस्त संचांत खाचेत आधीच सोनेरी आकडा किंवा चित्र असते. ते छापलेले नसते. तापलेल्या ठशाने अतिशय पातळ वर्ख प्लास्टिकवर दाबून बसवलेला असतो. त्यावर लेबल लावले की गोंद वर्खाला उत्तम चिकटतो, पण वर्खाची स्वतःची पकड कच्ची असते. लेबल कालांतराने वर्खासकट उचलले जाते आणि पाठीवर ते सोनेरी कपचे दिसतात. शिवाय ठसा दाबलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट असतो, तेथे हवा अडकून फुगा येतो.

शाईचा खोडरबर आणि अल्कोहोल यांनी बराच वर्ख निघतो. उरला तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर बोटाएवढ्या लाकडी ठोकळ्याला गुंडाळून केवळ खाचेत हलका फिरवावा. त्यामुळे पृष्ठभाग थोडा खरबरीत होऊन गोंदाला पकडही मिळते. उंच कडेवर पेपर फिरवला तर ओरखडे कायमचे राहतात आणि ओळखीची चिप घेऊन खेळणे हा पुन्हा वेगळाच तंटा होतो. नंतरची भुकटी ओल्या कापडाने आणि मग अल्कोहोलने पुसल्याशिवाय लेबल लावू नये.

प्लास्टिकची जात

येथवरचे सारे करूनही हलक्या चिप्सची लेबले सुटत असतील, तर एक चिप पाण्याने भरलेल्या पेल्यात टाकावी. एबीएस आणि पॉलिस्टायरिन पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतात. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात. चिप टाकताना तिला हवेचा बुडबुडा चिकटलेला नाही हे पाहावे आणि एकदा बोटाने खाली ढकलून सोडावी. लोखंड असलेल्या चिप्सना ही परीक्षा लागू नाही. त्या बुडणारच, आणि त्यांचे बाहेरचे प्लास्टिक बहुधा एबीएस असते.

तरंगणारी चिप ही वाईट बातमी आहे. या प्लास्टिकवर गोंद पसरतच नाही. अळवाच्या पानाची जी गोष्ट मघा मळाविषयी सांगितली ती येथे मूळ पदार्थालाच लागू पडते, म्हणून धुऊन काही साधत नाही. अशा प्लास्टिकसाठी वेगळा प्रायमर, म्हणजे लेबलाआधी लावायचा पकड देणारा थर, मिळतो आणि तो लावल्यास लेबल टिकतेही, परंतु त्याचा खर्च आणि ३०० चिप्सच्या ६०० बाजूंना तो लावण्याची मेहनत पाहता नवा संच घेणे स्वस्त पडते.

लेबल आणि छपाई

सुटलेल्या लेबलाच्या पाठीने दोष लेबलाकडे दाखवला असेल तर या भागाकडे वळावे. आधी हे केल्यास पैसे वाया जाण्याचा संभव अधिक.

घरच्या इंकजेट प्रिंटरवर कागदी स्टिकरवर छापलेले लेबल पावसाळ्यात टिकत नाही. कागद हवेतील ओल शोषून प्रसरण पावतो, कोरड्या हवेत आक्रसतो आणि प्रत्येक वेळी कड थोडी सुटते. त्यातील शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असल्याने घामाने बोटांना लागते. लेझर प्रिंटरची शाई विरघळत नाही, पण कागदाचा प्रश्न राहतोच. म्हणून विनाइलवर (पातळ, लवचिक प्लास्टिकच्या स्टिकरवर) छापून, वर मॅट लॅमिनेशन करून, गोल हाफ कट करून, म्हणजे पाठीचा कागद न कापता फक्त लेबल कापून, देणारा छपाईवाला गाठावा. मॅट यासाठी की चकचकीत लॅमिनेशनवर चिप्स घसरतात आणि दिव्याखाली आकडा दिसत नाही.

छपाईवाल्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, शाई द्रावकयुक्त आहे का, आणि असल्यास छापल्यावर लॅमिनेशनपूर्वी निदान २४ तास उघडे ठेवून वाळवता का. लगेच लॅमिनेशन केले की द्रावक आत कोंडला जातो, विनाइलमधून खाली उतरून गोंद मऊ करतो, आणि लेबल सरकण्याची किंवा कडेने गोंद बाहेर येण्याची तक्रार सुरू होते. संध्याकाळी देऊन सकाळी तयार मिळालेल्या लेबलांविषयी मला नेहमी शंका येते. दुसरा प्रश्न, विनाइल मोनोमेरिक आहे की पॉलिमेरिक. पहिला प्रकार स्वस्त असतो, पण काही महिन्यांत आक्रसतो आणि लेबलाभोवती गोंदाची बारीक चिकट कडी उघडी पडते, जी धूळ धरून काळी होते. पॉलिमेरिक कमी आक्रसतो. फरकाचे पैसे द्यावेत.

मजकुराविषयी एकच सूचना. आकड्यापुढे रुपयाचे चिन्ह छापू नये, नुसते गुण छापावेत. महाराष्ट्रात १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि घरच्या बिनपैशाच्या खेळाला पैशाच्या खेळाचे रूप देण्याचे कारण नाही. रंगांसाठी अमेरिकेतील रूढ पद्धत सोयीची आहे. पांढरी १, लाल ५, हिरवी २५, काळी १००.

सुटलेल्या लेबलाखाली झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद सोडण्याचा मोह होतो. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या प्लास्टिकवर पांढुरकी राख धरल्यासारखा डाग पडतो, आणि चिप पडली की तो ठिसूळ थर तडकतो. सुतारकामाचा पांढरा गोंद तर प्लास्टिकवर नुसती साय धरतो, नखाने ओढली की सगळी निघून येते.

कोठे थांबावे

चिप कानाशी हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली, किंवा कडेच्या जोडात नख शिरू लागले, तर आतील चकती सुटली आहे. ती चिप बाजूला काढावी. तिला उघडून चिकटवण्याचा प्रयत्न करू नये. खाचेचा तळ मुळातच ओबडधोबड असेल, म्हणजे त्यावर ठेवलेली पोलादी पट्टी दोन्ही बाजूंनी डुलत असेल, तर तो सपाट करणे हे लेथवर काम करणाऱ्याचे काम आहे आणि तोही लोखंडापर्यंत पोहोचण्याआधी थांबेल याची खात्री नसते. माझ्या मते अशा संचावर अधिक खर्च करू नये.

लेबलाऐवजी चिपच्या संपूर्ण तोंडावर, कडेपर्यंत चित्र हवे असेल तर ते घरी होणार नाही. त्यासाठी सब्लिमेशन छपाई लागते, म्हणजे सुमारे २०० अंश सेल्सिअसला शाईची वाफ करून ती प्लास्टिकमध्ये उतरवणे. एबीएस १०० अंशांच्या आसपासच मऊ पडते, तेव्हा आपल्या चिप्स त्या यंत्रात आकार गमावतील. या छपाईसाठी ज्या चिप्स मिळतात त्यांना सिरॅमिक म्हणतात. त्या चिनीमातीच्या नसतात, उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरच्या असतात. त्यांवर लेबलच नसल्याने सुटण्याचा प्रश्न उरत नाही, आणि त्या छापून देणाऱ्या व्यावसायिकाकडेच सोपवाव्यात.

हाताने कात्रीने ३०० चिप्सची ६०० गोल लेबले कापू नयेत, हेही थांबण्याच्या यादीत घालतो. कात्रीची कड कधीच पूर्ण गोल येत नाही, आणि सुटायला सुरुवात नेमकी त्या कोपऱ्यापासून होते. छपाईवाल्याकडील प्लॉटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणीच्या यंत्रावर, कापून घ्यावीत.

आणि सफाई, माप, दाब, तीन दिवसांची विश्रांती हे सगळे नीट करून लावलेल्या पहिल्या २० चिप्सपैकी चार-पाच आठवड्याभरात सुटल्या, तर उरलेल्या २८० ना हात लावू नये. त्यांतील दोन चिप्स आणि दोन सुटलेली लेबले घेऊन छपाईवाल्याकडे जावे आणि त्याला वेगळ्या गोंदाच्या विनाइलचा नमुना मागावा. चांगला छपाईवाला लेबलाची पाठ पाहूनच काय झाले ते सांगतो.

ऑर्डर देताना हिशेब असा करावा. १२ × १८ इंचांच्या कागदावर कडेने समास सोडून २९ मिलिमीटरची लेबले तीन मिलिमीटरच्या अंतराने ९ आणि १३ अशी ११७ बसतात. ६०० लेबलांना पाच कागद पुरत नाहीत, १५ कमी पडतात. सहावा कागद घ्यावाच लागतो आणि त्याचे पैसे पूर्णच द्यावे लागतात. म्हणून तो त्या १५ लेबलांवर न थांबवता सगळ्या आकड्यांनी भरून घ्यावा, म्हणजे १०२ लेबले जादा राहतील. वर्षभराने पुन्हा छापून आणलेल्या लेबलाची छटा पहिल्याशी जुळत नाही, आणि समोरच्याच्या चळतीत वेगळ्या छटेची एक चिप दिसली की आमच्याकडे तरी अर्धा तास खेळ थांबतो.